मॉडेलवरून सिस्टिम जोडताय? या चुका टाळा

आधी बिझनेस प्रोसेसचं मॉडेल काढायचं आणि त्यावरून इंटिग्रेशनचा, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम जोडणारा, कोड जनरेट करायचा, ही पद्धत चांगलीच आहे. ओएमजी या सॉफ्टवेअरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2001 मध्ये एमडीए (मॉडेलवरून सॉफ्टवेअर घडवण्याची पद्धत) मांडलं, तेव्हा व्यवसायाचं, तंत्रज्ञानाशी न बांधलेलं आणि ठरावीक प्लॅटफॉर्मचं अशी मॉडेल्स वेगळी ठेवली. हे थर एकाच आकृतीत कोंबू नका. मंजुरीच्या चौकटीत क्यूची (संदेशांच्या रांगेची) नावं आणि यूआरएल आले की व्यवसायाची माणसं ती आकृती वाचायचं सोडतात. मग चूक दाखवणार कोण?

सगळ्यात महागात पडते ती जनरेट झालेल्या कोडमधली हातची दुरुस्ती. प्रॉडक्शन अडकतं, कुणीतरी मॅपिंगची (कुठलं फील्ड कुठे जातं ते सांगणारी) एक ओळ बदलतं, काम सुरू होतं. पुढच्या वेळी कोड पुन्हा जनरेट झाला की ती ओळ गायब आणि जुना बिघाड हजर. म्हणून दुरुस्ती मॉडेलमध्येच करा, घाई असली तरीही. हाताने लिहिलेला कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक बिल्डला बाकीचा नव्याने जनरेट करा. कुणी परस्पर बदल केला असेल तर लगेच कळतं.

फील्डची नावं जुळली म्हणजे अर्थ जुळला असं धरू नका. विक्रीच्या सिस्टिममध्ये ‘पूर्ण’ म्हणजे माल पोचला, हिशेबाच्या सिस्टिममध्ये पैसे जमा झाले. मॅपिंगआधी दोन्ही विभागांना समोरासमोर बसवा. हे काम कुठलंही टूल करून देत नाही.

एकाच ऑर्डरची दोन बिलं निघत असतील तर टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) तपासा. बिल तयार झालेलं असतं, फक्त उत्तर उशिरा येतं आणि प्रोसेस चालवणारं इंजिन तीच विनंती पुन्हा पाठवतं. प्रत्येक विनंतीला कायम तोच राहणारा क्रमांक द्या आणि तो दुसऱ्यांदा आला तर नवं बिल न करता आधीचंच उत्तर परत करा. बीपीएमएन 2.0 या प्रोसेस रेखाटायच्या चिन्हपद्धतीत टायमर, एरर आणि कॉम्पेन्सेशनची (झालेलं काम मागे फिरवण्याची) चिन्हं आहेत, ती वापरा. नुसता सुरळीत मार्ग दाखवणारं मॉडेल अर्धवटच.

उत्तर येऊनही प्रोसेस पुढे सरकत नसेल तर आधी कोरिलेशन की (उत्तर कुठल्या विनंतीचं ते जुळवणारा क्रमांक) बघा. एका बाजूला ‘00417’ मजकूर म्हणून जातो, दुसरीकडे तो आकडा होऊन ‘417’ परत येतो आणि जोडी लागतच नाही. अशा क्रमांकांचा डेटा टाइप मॉडेलमध्येच मजकूर म्हणून पक्का करा.