घरी संचातून लाकडी मोटरबोट बांधताना : रेझिनचे काम उन्हाळ्यात काढू नये

पवनी तालुक्यातील आमच्या गावापासून वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे पाणी फार दूर नाही. त्यामुळे छपरीत होडीचे काम निघाले की सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. त्यांचा सर्वांत आवडता सल्ला असा की, लाकूड कोरडे हवे, शेतीचीही कामे नसतात, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत होडी बांधावी. पहिली होडी मी तो सल्ला मानून बांधली आणि तिचे निम्मे सांधे मला छिन्नीने उकरून पुन्हा भरावे लागले. त्यानंतरच्या तिन्ही होड्या मी धान घरात आल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा मग फेब्रुवारीत बांधल्या.

बारा फुटी होडीच्या संचात यंत्राने कापलेल्या 6 मिमी मरीन प्लायच्या फळ्या, तांब्याची तार, इपॉक्सी रेझिन (सांधे जोडणारा चिकट द्रव), त्यात मिसळून ते घट्ट करणारा हार्डनर, फायबरची पट्टी आणि फायबरचे कापड एवढेच साहित्य येते. एखादी फळी वाटेत फुटली, तर गावातल्या दुकानातला ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जाणारा प्लाय तिच्या जागी लावू नये. फळीवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच घ्यावी. प्लाय आठ फुटांचा आणि होडी बारा फुटांची असल्याने प्रत्येक बाजू दोन तुकड्यांत येते. ते तुकडे सपाट जमिनीवर, खाली प्लॅस्टिक अंथरून जोडावेत. पुढे कडेपासून 10 मिमी आत, दर 15 सेंमीवर 2 मिमीची छिद्रे पाडावीत आणि फळ्या तारेने टाके घालून उभ्या कराव्यात. हे काम दोन माणसांचे आणि एका दिवसाचे आहे.

टाके घातल्यावर होडीत पीळ आहे का, हे पाहणे मात्र टाळू नये. दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेऊन एक पुढे आणि एक मागे काठांवर आडवी ठेवावी आणि मागून एक डोळा मिटून पाहावे. दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एखाद्या कोपऱ्याखाली विटेचा तुकडा सरकवून हा पीळ दहा मिनिटांत जातो. रेझिन सुकल्यावर तो जन्मभर राहतो आणि होडी एका अंगाला ओढते.

आता रेझिन. या टप्प्यावर मी सर्वाधिक पैसे आणि झोप घालवली आहे.

फळ्या टाक्यांनी शिवून सांध्यात रेझिन भरण्याची ही पद्धत इंग्लंडमध्ये 1960 च्या दशकात ‘मिरर’ नावाच्या शिडाच्या होडीमुळे घरोघरी पोहोचली आणि त्या नमुन्याच्या 70,000 हून अधिक होड्या बांधल्या गेल्या. संचासोबत येणारी सूचनापत्रिका आजही बहुधा तशाच थंड हवेतला माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते. पत्रिकेत 25 अंशांना वीस मिनिटे लिहिली असतील, तर आपल्याकडे 35 अंशांना ती दहा उरतात आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच्या निम्मीच. मी अर्धा किलो मिश्रण प्लॅस्टिकच्या डब्यात कालवले होते. पहिला हात फिरवेपर्यंत डबा हातात धरवेना, मग त्यातून पांढरा धूर निघाला आणि बूड वितळून डबा शेणाने सारवलेल्या जमिनीला चिकटला. तो डाग अजून आहे.

म्हणून एका वेळी 150 ग्रॅमहून अधिक मिश्रण करू नये आणि ते खोल डब्यात न ठेवता पसरट थाळीत ओतावे, कारण साठून राहिलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखे तापते. प्रमाण नेहमी डिजिटल काट्यावर मोजावे. रेझिनपेक्षा हार्डनर हलका असतो, म्हणून मापाने 2:1 हे प्रमाण वजनाने 2:1 ठरत नाही. पत्रिकेत दोन्ही प्रमाणे दिलेली असतात, त्यांतले वजनाचे घ्यावे. कूलरच्या फायबर बॉड्या दुरुस्त करणारा एक कारागीर मला ‘हार्डनर थोडा वाढवा, लवकर सुकेल’ असे खात्रीने सांगून गेला होता. त्याच्या पॉलिएस्टर रेझिनला ते चालते. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना उरतो आणि सांधा मऊच राहतो.

सांधा भरण्याचा क्रम असा ठेवावा. आधी दोन टाक्यांच्या मध्ये थोडे थोडे मिश्रण लावून रात्रभर सुकू द्यावे, मग तारा काढाव्यात. अडकलेली तार सोल्डरिंग आयर्नने तापवली की पक्कडीने सहज निघते. त्यानंतर सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाला नुसते पातळ रेझिन ब्रशने पाजावे. मी हे पाजणे एकदा वाचवले. कोरड्या प्लायने भरावातले रेझिन ओढून घेतले, भराव भुसभुशीत राहिला आणि होडी उलटवताना कणा बाजूच्या फळीपासून कडकन सुटला. पातळ हात ओला असतानाच भराव भरावा. भरावासाठी सँडरच्या पिशवीतली लाकडाची बारीक पूड मैद्याच्या चाळणीतून चाळून मिश्रणात मिसळावी. आरामशीनवरचा भुसा भरड असतो, त्याने सांधा गुळगुळीत होत नाही. मिश्रण श्रीखंडाच्या चक्क्याइतके घट्ट हवे, म्हणजे चमचा उलटा केला तरी पडू नये. ते सांध्यात भरून, टोक गोल कापलेल्या प्लायच्या तुकड्याने एका दमात ओढावे. मध्ये थांबले की तिथे लाट राहते.

फायबरची पट्टी त्यावर केव्हा बसवायची, याबद्दल माझे मत पक्के आहे: भराव नखाने दाबला असता खूण उमटते पण नखाला काही लागत नाही, त्या वेळी. तेव्हा पट्टी आणि भराव एकजीव होतात. दुसऱ्या दिवसावर टाकले, तर आधी पॉलिश पेपर मारावा लागतो आणि होडीच्या आतल्या कोपऱ्यांत बोटांची सालपटे निघतात.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी रेझिन लावले, तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि ओल्या थरात पुळ्यांसारखे बुडबुडे येतात. लाकूड निवू लागल्यावर, म्हणजे दुपारी तीन-चारनंतर लावले, की तेच लाकूड रेझिन आत ओढते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास येते, रेझिन सुकत नाही आणि दव पडून त्यावर मेणासारखा चिकट थर धरतो. तो थर साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन, कोरडा करूनच पुढचा हात द्यावा; त्यावर थेट पॉलिश पेपर मारल्यास तो थर कागदात भरतो आणि पृष्ठभागावर पसरतो.

हातमोजे न घालता हे काम करू नये. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसणारे लोक ते कातडीत आणखी मुरवत असतात. साबण पुरेसा आहे.

यापुढचे काम सोपे आहे. होडी उलटवून बाहेरच्या कडा गोल कराव्यात, बुडाला फायबरचे कापड आणि रेझिनचे तीन हात द्यावेत. उन्हाने इपॉक्सी खराब होते, त्यामुळे वरून रंग हवाच, आणि तो फिकट हवा; आपल्या उन्हात गडद रंगाखाली रेझिन मऊ पडते.

इंजिन चार-पाच अश्वशक्तीचे पुरते. छोट्या शाफ्टच्या (पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) इंजिनाला मागच्या फळीची उंची 15 इंच आणि लांब शाफ्टला 20 इंच लागते. हे मोजल्याशिवाय इंजिन घेऊ नये. पंख्यावरची आडवी पत्ती बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली बसावी. इंजिन फळीला स्क्रूने आवळलेले असले, तरी त्याला वेगळा दोर बांधावा. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार यंत्रावर चालणाऱ्या होडीला नोंदणी लागते, आणि धरणात होडी घालण्याआधी जलसंपदा विभागाकडे विचारणा करावी.

पहिल्या फेरीला लाइफ जॅकेट आणि दोन वल्ही न्यावीत, कारण वैनगंगेच्या पात्रातली जलपर्णी पंख्यात गुंतली की इंजिन जागीच बंद पडते. पहिले अर्धा तास काठाजवळ, ढिवरांच्या डोंग्यांना हाक पोहोचेल इतक्या अंतरात फिरवावी. मग होडी बाहेर काढून आतल्या प्रत्येक सांध्यावरून कोरडे बोट फिरवावे. बोट ओले झाले, त्या जागी पेन्सिलने खूण करून होडी आठवडाभर छपरीत वाळू द्यावी आणि तेवढाच सांधा उकरून, पाजून, पुन्हा भरावा.