जगावेगळी इमारत कशी पाहावी

पॅरिसमधलं पॉम्पिदू हे कलाकेंद्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, परांची उतरवायची राहून गेली की काय! बाहेरच्या अंगाला निळे, हिरवे, पिवळे पाइप, लोखंडी सांगाडा सगळा उघडा, आणि दर्शनी बाजूवरून तिरका वर चढत गेलेला काचेचा बोगदा. काम अपुरं वगैरे काही नाही. ही इमारत १९७७ सालीच लोकांसाठी खुली झाली.

अशा इमारतीसमोर आपण काय करतो? कुणी भराभर फोटो काढतं, कुणी "पैसा जास्त झाला की असं सुचतं" म्हणून पुढे चालू लागतं. दोन्हींत इमारत पाहायची राहूनच जाते. मला या इमारतींचं वेड आहे आणि अनुभवाने सांगतो, त्यांचा आनंद घ्यायला आर्किटेक्चरची पदवी लागत नाही. थोडा निवांत वेळ, चालायची तयारी आणि मनात धरलेला एक प्रश्न एवढं पुरतं: हिला असं का व्हावं लागलं असेल? पुढे जे सांगतोय ते सगळं या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठीच.

१. ‘कशासारखी दिसते’ हा खेळ लवकर आवरा

सिडनीचं ऑपेरा हाउस कुणाला शिडांसारखं वाटतं, कुणाला शिंपल्यांसारखं. वाटू द्यावं, मन असंच चालतं. पण तिथेच थांबलं तर खरी गोष्ट हातची जाते, आणि ती या उपमांपेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

१९५७ साली यर्न उट्झन या डॅनिश आर्किटेक्टने या इमारतीची स्पर्धा जिंकली. आराखडा देखणा होता, पण ते छप्पर उभं कसं करायचं हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. १९५९ मध्ये काम सुरू झालं, तरी छपराचं गणित सुटेना. छप्पर म्हणजे काँक्रीटची मोठाली कवचं, आणि प्रत्येक कवचाचा बाक वेगळा होता. म्हणजे काँक्रीटचा प्रत्येक तुकडा ओतायला वेगळा साचा हवा, आणि इतके साचे करायचे तर खर्चाला अंत नाही. बरीच झटापट झाल्यावर उत्तर सापडलं: सगळी कवचं एकाच मोठ्या गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची. त्या कल्पित गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर. बाक सगळीकडे सारखा झाला आणि तेच साचे पुन्हा पुन्हा वापरता आले.

हे घरी करून पाहा. जाड सालीचं मोसंबं घ्या, सालीवर सुरीने लहान-मोठे त्रिकोण कापा आणि ते अलगद सोडवून ताटात एकमेकांना टेकवून उभे करा. एक उंच, एक बुटका, एक निमुळता, पण बाक सगळ्यांचा एकच. नंतर ऑपेरा हाउसचा फोटो शोधून बघा. छप्पर कसं जुळून आलं ते बोटांनाच कळलेलं असतं.

या सगळ्यात ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. सरकारशी बिनसल्यामुळे उट्झन १९६६ मध्ये काम सोडून निघून गेला. १९७३ मध्ये इमारत खुली झाली, पण पूर्ण झालेली इमारत पाहायला तो पुन्हा कधीही सिडनीला आला नाही. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं.

२. तिने कुठला पेच सोडवलाय ते शोधा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. एखादी इमारत विचित्र दिसते तेव्हा बहुधा तिच्या पोटात एखादा खराखुरा पेच असतो.

पॉम्पिदूचंच घ्या. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या तिच्या आर्किटेक्टना आतले मजले मोकळे हवे होते, हवं तेव्हा हवं तसं प्रदर्शन मांडता यावं असे. मग नळ, वायरी, हवेचे मार्ग, जिने हे सगळं आत जागा अडवणार. त्यांनी ते उचलून बाहेर नेलं. आत सुमारे ४५ मीटर रुंदीचे मजले मिळाले, मध्ये एकही खांब नाही. बाहेरचे रंगही शोभेचे नाहीत: निळा हवेचा, हिरवा पाण्याचा, पिवळा विजेचा आणि लाल माणसांच्या जाण्या-येण्याचा. एवढं कळलं की समोरचा गोंधळ वाचता येऊ लागतो. शिवाय मिळालेल्या जागेचा जवळपास अर्धा भाग त्यांनी चौक म्हणून मोकळा सोडला. मोठ्या नूतनीकरणासाठी हे केंद्र २०२५ पासून बंद आहे, तेव्हा बेत आखताना ते लक्षात असू द्या.

दुसरं उदाहरण मुंबईतलं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी रचलेली कांचनजंगा, कंबाला हिलवरची २८ मजली इमारत, १९८३ मध्ये पुरी झालेली. रस्त्यावरून पाहिलं तर सरळसोट उंच ठोकळा, आणि कुणीतरी कोपऱ्यांतून चौकोनी घास तोडल्यासारख्या मोठ्या खोबणी. त्या तिथे का? मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दृश्यही तिकडेच. पण दुपारचं रणरणतं ऊन आणि पावसाची झड यांचाही मारा त्याच बाजूने. पश्चिमेला खिडक्या ठेवाव्यात तर घर तापतं आणि भिजतं, न ठेवाव्यात तर वारा गेला. जुन्या बंगल्यांना हा पेच माहीत होता. म्हणून त्यांच्या भोवती व्हरांडा असे. कोरियांनी तोच व्हरांडा उंच टॉवरमध्ये नेला: कोपऱ्यात दोन मजले उंचीची, खोल, बागेसारखी गच्ची. ऊनपाऊस तिथे अडतो, वारा आत येतो.

इथे एक युक्ती सांगतो. इमारतीचा फोटो शोधता तसं तिचं छेदचित्रही शोधा, म्हणजे कलिंगडासारखी ती उभी कापली तर आतून कशी दिसेल त्याचं चित्र. कांचनजंगाच्या छेदचित्रात वेगवेगळ्या मजल्यांवरची घरं एकमेकांत कशी गुंतवलीत ते दिसतं. बाहेरच्या खोबणींचा उलगडा तिथे होतो.

झिम्बाब्वेतल्या हरारे शहरातलं ईस्टगेट सेंटरही याच जातीचं. नेहमीच्या एसीवर विसंबण्याऐवजी दिवसरात्रीच्या तापमानातला फरक आणि उंच धुराड्यांसारखे हवेचे मार्ग वापरून ती इमारत गार राहते. ही कल्पना मिक पियर्स या आर्किटेक्टला वाळवीच्या वारुळांवरून सुचली.

३. चालत जा, मागून जा, आत जा

ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझिलियात, आर्किटेक्ट ऑस्कर नीमायर यांचं कॅथीड्रल (मोठं चर्च) फोटोत मुकुटासारखं दिसतं: बाहेर झुकलेले १६ वक्र खांब आणि मध्ये काच. पण त्याचा खरा डाव फोटोत येऊच शकत नाही. आत जायचा रस्ता जमिनीखालून, अंधाऱ्या बोगद्यातून आहे. डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच माणूस उजेडाने भरलेल्या सभागृहात येतो. आपल्याकडे देवळात बाहेरच्या उजेडातून अंधाऱ्या गाभाऱ्यातल्या समईपर्यंत जातो, इथे क्रम उलटा आहे. पण मन तयार करायचं काम दोन्हीकडे पावलंच करतात.

म्हणून आधी लांबून पाहा, मग चालत जवळ जा, मग पूर्ण फेरी मारा. मागची बाजू चुकवू नका, कारण कचरा कुठून जातो, कामगार कुठून शिरतात हे तिथेच कळतं. आत शिरल्यावर दोन मिनिटं गप्प उभे राहा. आवाज घुमतो की विरतो? हवा कुठून लागते? लोक आपणहून कुठे बसतात? सुरक्षारक्षकाशी किंवा झाडलोट करणाऱ्या मावशींशी दोन शब्द बोला. गळतं कुठे आणि तापतं कुठे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

४. हातभर अंतरावर या

सिडनीच्या छपरावर दहा लाखांहून जास्त फरशा आहेत, स्वीडनमध्ये बनवलेल्या. दुरून सगळं पांढरंशुभ्र. जवळ गेलं की दिसतं, फरशा दोन तऱ्हेच्या आहेत: एक चकचकीत पांढरी, दुसरी किंचित सायीच्या रंगाची, बिनचमकेची. तुकड्यांच्या कडेने ही दुसरी लावलेली आहे, त्यामुळे छपरावर बारीक रेघांची नक्षी उमटते आणि एवढा मोठा पृष्ठभाग सपाट वाटत नाही. सगळीच चमकती असती तर भर उन्हात त्याकडे पाहवलं नसतं.

कुठल्याही इमारतीजवळ गेलात की सांधे बघा. दोन दगड, काच आणि पोलाद, भिंत आणि जमीन जिथे भेटतात ती जागा. करणाऱ्याची निगुती तिथे कळते. हात लावायची मनाई नसेल तर कठड्यावरून हात फिरवा.

५. फसलेलंही पाहा

कौतुक करायचं म्हणजे डोळे मिटायचे नाहीत. लंडनमध्ये फेंचर्च स्ट्रीटवर एक टॉवर आहे, वर रुंद होत गेलेला, लोक त्याला ‘वॉकी-टॉकी’ म्हणतात. त्याची एक बाजू आत वळलेली, काचेची. २०१३ मध्ये, काम चालू असतानाच, त्या काचेवरून परतलेलं ऊन आरशासारखं एकवटून खालच्या रस्त्यावर पडलं आणि तिथे उभ्या केलेल्या गाडीचे भाग वितळले. पुढे त्या बाजूला ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. तो बाक कुठलाही पेच सोडवत नव्हता, उलट नवा निर्माण करून बसला.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरातली, आर्किटेक्ट पीट ब्लोम यांची तिरकी घनघरं, म्हणजे घनाच्या आकाराची घरं, मला मात्र आवडतात. भिंती कललेल्या, त्यामुळे नेहमीचं कपाट भिंतीला लागत नाही आणि बरीच जागा वापरता येत नाही, हे खरंच आहे. तरी तिथे आजही लोक राहतात, आणि एक घर पाहुण्यांना पाहण्यासाठी खुलं ठेवलेलं आहे.

६. तिचं म्हातारपण विचारा

टोकियोच्या गिंझा भागात १९७२ मध्ये आर्किटेक्ट किशो कुरोकावांनी नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. दोन मनोऱ्यांना १४० खोल्या बाहेरून बोल्टने जोडलेल्या, प्रत्येकीला एक गोल खिडकी. एका खोलीचं माप साधारण आठ बाय तेरा फूट, त्यात पलंग, टेबल, न्हाणीघर. आपल्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीएवढीच जागा, फक्त इथे एकट्या माणसासाठी. कल्पना अशी की साधारण २५ वर्षांनी जुनी खोली काढून नवी जोडायची, म्हणजे इमारत कायम तरुण राहील. एकही खोली कधी बदलली गेली नाही. गळती वाढत गेली आणि २०२२ मध्ये टॉवर उतरवला. काही खोल्या वाचवून संग्रहालयांना दिल्या.

यावरून हा प्रयोग वाया गेला असं मी म्हणणार नाही. घर बदलता यायला हवं, हा विचार टिकण्याजोगाच होता. पण बदलणार कोण, पैसे कुणाचे, सगळ्या मालकांचं एकमत कसं व्हायचं, याचं उत्तर बोल्टमध्ये नव्हतं. मोठी सोसायटी चालवलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

७. सराव जवळच करा

परदेशी जायची वाट बघत बसू नका. पणजीत मांडवीकाठी कोरियांचीच कला अकादमी आहे, आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारात त्यांनी रचलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आयुका लोकांसाठी खुली असते. मुलांना घेऊन गेलात तर ती दुर्बिणींच्या रांगेत उभी असताना तुम्ही मधल्या कुंडापाशी जा. पायऱ्यांच्या त्या खोलगट चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत.

मग वही काढा आणि पाच मिनिटं काळ्या भिंतीचं चित्र काढत बसा. चित्र वाईट आलं तरी चालेल, काढताना नजर थांबते एवढ्यासाठीच काढायचं. खाली आपला ओळखीचा काळा बसाल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा, आणि सगळ्यांत वर घोटून गुळगुळीत केलेला काळा ग्रॅनाइट. काळ्यावर काळा, त्यावर काळा, कशासाठी? मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला काही कळलं नव्हतं. चित्रात भिंतीची वरची कड ओढायला मान वर केली, तर ग्रॅनाइटमध्ये ढग सरकत होते. कड नेमकी कुठे ओढायची ते ठरेना.