लोहगावच्या एअरसाइडवर गाडी चालवताना: टॅक्सी करणाऱ्या विमानापासून लांब कसं राहायचं

विमानतळाच्या कुंपणाआत गाडी चालवणाऱ्याने शहरातल्या सवयी गेटवरच सोडाव्यात. विमाननगर चौकात समोरचा ब्रेक मारेल या भरवशावर गाडी घुसवता येते आणि बहुतेक वेळा तो मारतोही. टॅक्सी करणारं, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर जमिनीवरून चालणारं विमान ब्रेक मारेल हे धरून चालू नका. प्रवासी आणि इंधन भरलेलं ए-३२० सत्तर टनांच्या वर जातं. त्याचे ब्रेक करकचून लागले तर आत उभे असलेले केबिन क्रू आपटतात. आणि नाकाखालची, नाकाच्या लगेच पुढची जमीन कॉकपिटमधून दिसतच नाही. म्हणजे थांबायची जबाबदारी पूर्ण तुमची.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर धावपट्टी एकच, तिचं नाव १०/२८. तळ हवाई दलाचा, टॉवरही त्यांचाच. प्रवासी विमानं आणि सुखोई हीच धावपट्टी वापरतात, त्यामुळे चुकायला जागा कमी. १५ फेब्रुवारी २०२० रोजी इथे टेक-ऑफसाठी धावणाऱ्या प्रवासी विमानासमोर धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. वेग १२० नॉट्सच्या आसपास, म्हणजे ताशी २२० किलोमीटर. वैमानिकाने विमान वेळेआधी उचललं आणि शेपटी जमिनीला घासली. १६ मे २०२४ रोजी दिल्लीला निघालेलं, सुमारे १८० प्रवाशांचं विमान टगवर, म्हणजे विमान ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या गाडीवर आदळलं. दोन्ही वेळा माणसं वाचली.

निघण्यापूर्वी एअरसाइड ड्रायव्हिंग परमिट आणि गाडीचं परमिट तपासा. छतावरचा पिवळा फिरता दिवा दिवसाही चालू हवा. ब्रेक, हॉर्न, वायपर बघा. ट्रॉल्या जोडल्या असतील तर प्रत्येक कपलिंगची पिन हाताने ओढून पाहा, कारण सुटलेली ट्रॉली उतारावर आपली आपण विमानाकडे निघते. मोबाइल खिशात, एफएम बंद, काच थोडी खाली. इंजिनचा आवाज आला तर ऐकू यायला हवा.

एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेत, विमान हलणार आहे हे आधी कळतं, फक्त बघायची सवय हवी. पोटाखाली आणि पाठीवर लाल दिवा लुकलुकू लागला की इंजिन चालू आहे किंवा होणार आहे. चॉक (चाकांना लावलेले अडसर) निघाले, ब्रिज किंवा शिडी बाजूला झाली, टग जोडला, वैमानिकाशी बोलणारा हेडसेटवाला नाकाशी उभा राहिला, की त्या विमानाच्या मागून जायचं नाही. पुशबॅकमध्ये, म्हणजे टग विमान मागे ढकलतो तेव्हा, टगचालकाला शेपटीमागचं काही दिसत नाही. तो पंखाजवळच्या माणसाच्या इशाऱ्यावर अवलंबून असतो, आणि त्या माणसाचं लक्ष तुमच्याकडे असेलच असं नाही. ‘एवढी एक गाडी जाईल’ हा हिशेब इथेच फसतो, कारण विमान वळायला लागलं की नाक एका बाजूला आणि शेपटी दुसऱ्या बाजूला झोकते.

येणाऱ्या विमानासाठी स्टँडवर (त्याच्या उभं राहायच्या ठरलेल्या जागेवर) मार्शलर, म्हणजे हाताने इशारे देणारा माणूस, उभा असेल तर त्याच्या आणि विमानाच्या मधून जाऊ नका. गाड्या लाल रेषेच्या बाहेर ठेवा. ए-३२० किंवा ७३७ च्या पंखांचा पल्ला सुमारे ३६ मीटर असतो, आणि त्या आकाराच्या स्टँडवर टोकापासून अडथळ्यापर्यंत किमान साडेचार मीटर अंतर ठेवलेलं असतं. रेषेवर तिरकी लावलेली एक ट्रॉली त्यातलं बरंच खाते. चॉक लागून इंजिन थांबेपर्यंत आणि लाल दिवा विझेपर्यंत जवळ जायचं नाही.

इंजिनामागचा झोत दिसत नाही. उभं विमान हलवायला वैमानिक शक्ती वाढवतो तेव्हा झोत अचानक वाढतो. सामानाच्या रिकाम्या डॉल्या आणि ताडपत्र्या उडतात त्या याच वेळी.

टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा धावपट्टीकडे ये-जा करायचा रस्ता, ओलांडायचा असेल तर थांबा, दोन्हीकडे बघा. विमान येताना दिसलं तर ते पूर्ण जाऊ द्या, आणि मग झोत ओसरायलाही वेळ द्या. टगने ओढल्या जाणाऱ्या विमानालाही हाच मान. मदतीला धावणारी अग्निशमन गाडी मात्र सगळ्यांच्या आधी.

धावपट्टीकडे जाताना पिवळ्या होल्डिंग रेषेअलीकडे, लाल फलकापाशी थांबायचं. ग्राउंड कंट्रोलला गाडीचं नाव, जागा आणि काम सांगा. परवानगी जशीच्या तशी परत म्हणा. ‘होल्ड शॉर्ट’ (रेषेअलीकडे थांबा) ऐकून फक्त ‘रॉजर’ म्हटलं तर टॉवरला कळत नाही की तुम्हाला नक्की काय समजलं. लाल स्टॉप बार, म्हणजे रेषेवरची लाल दिव्यांची ओळ, पेटलेला असताना तोंडी परवानगी मिळाली तरी पुढे जाऊ नका, पुन्हा विचारा. बाहेर आल्यावर ‘रनवे व्हेकेटेड’ (धावपट्टी सोडली) कळवायचं, तेही शेवटचं चाक रेषेबाहेर आल्यावर.

रेडिओ बंद पडला तर गाडी टॉवरकडे वळवून हेडलाइट लुकलुकवा आणि दिव्याची वाट पाहा. लुकलुकता हिरवा म्हणजे ओलांडा, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे विमानाकडे लक्ष ठेवत बाजूला व्हा, लुकलुकता पांढरा म्हणजे परिसर रिकामा करा.

पावसाळ्यात पहिल्या सरीला काँक्रीटवरचं तेल वर येतं, तेव्हा थांबायचं अंतर दुप्पट धरा. ओल्या रात्री दिव्यांची प्रतिबिंबं फसवतात. रंगांवरून ओळखा: निळे दिवे टॅक्सीवेच्या कडेला, हिरवे मध्यरेषेवर, पांढरे धावपट्टीच्या कडेला. पांढऱ्यांच्या मध्ये आहात असं वाटलं तर अंदाज बांधत बसू नका, लगेच टॉवरला सांगा.

एवढं करूनही गाडी विमानाला लागली तर गाडी मागे घेऊ नका. पत्रा अडकलेला असू शकतो, आणि ओढताना जखम मोठी होते. जागेवरच हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, विमानाच्या इंजिनिअरला आणि एप्रन कंट्रोलला कळवा. फक्त रंग खरवडला असला तरी सांगायचंच. वर गेल्यावर आतल्या हवेचा दाब त्याच कातडीवर येतो, आणि तिथे पडलेली चीर खालून डोळ्यांना दिसेलच असं नाही.