युनिव्हर्सिटीच्या थेटरात जगभरचे पिक्चर बघायचेत? मग एक वार धरा

दर सप्टेंबरला शिकागोत नवीन बॅच आली की मला मेसेज यायला लागतात, ताई तूरडाळ कुठे मिळते, जाड जॅकेट पुण्यातून घेऊ की तिकडे आल्यावर, कुकर बॅगेत चालतो का. मी सगळ्यांना उत्तरं देते आणि शेवटी न विचारलेली एक गोष्ट सांगतेच, की पहिल्याच आठवड्यात युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोच्या आयडा नॉइज हॉलला जा आणि डॉक फिल्म्सचं कॅलेंडर घेऊन या. मग परत प्रश्न येतात, तिथे काय असतं, आम्हाला कळेल का, एकटं गेलं तर चालतं का. म्हणून ह्यावेळी सगळं एकदाच नीट लिहून काढते.

डॉक म्हणजे डॉक्युमेंटरी फिल्म ग्रुप. मुळं १९३२ पर्यंत जातात, पण ह्या नावाने १९४० साली तिथल्या इंटरनॅशनल हाऊसमधून सुरू झालेला ग्रुप, सुरुवात माहितीपटांपासून म्हणून नाव तसं, आता मात्र जगातलं सगळं दाखवतात, इराणी, तैवानी, सेनेगलचे, मूकपट, अमेरिकेतले कमी पैशात काढलेले इंडिपेंडंट सिनेमे, सगळं. अमेरिकेतली सगळ्यात जुनी, सतत चालत आलेली विद्यार्थ्यांची फिल्म सोसायटी म्हणून तिची ओळख आहे. आणि खरंच विद्यार्थीच चालवतात बरं का, पिक्चर निवडणं, तिकीट फाडणं, वर केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवणं, सगळं व्हॉलंटियर करतात. थेटरचं नाव मॅक्स पॅलेव्स्की सिनेमा, ५९व्या रस्त्यावर, समोर मिडवे प्लेझन्सची लांबलचक हिरवळ. त्या हिरवळीवर १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात पहिलं फेरिस व्हील, म्हणजे जायंट व्हील, उभं होतं आणि त्याच प्रदर्शनात एडवर्ड मायब्रिज नावाचा फोटोग्राफर एका हॉलमध्ये लोकांना पैसे घेऊन हलती चित्रं दाखवत होता, घोडा पळताना वगैरे. म्हणजे ज्या खेळापासून सिनेमाची सुरुवात धरतात त्या ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसच्या खेळाआधी दोन वर्षं. मी थेटरात जायच्या आधी नेहमी त्या हिरवळीकडे दोन मिनिटं बघते.

आता मुद्द्याचं. आपण पिक्चर कसा निवडतो? नाव ऐकलंय का, कोण आहे त्यात, रेटिंग किती. इथे हे तिन्ही उपयोगाचे नाहीत कारण कॅलेंडरवरची नव्वद टक्के नावं तुम्ही ऐकलेलीच नसतात आणि मग माणूस त्यातलं एकमेव ओळखीचं नाव बघून येतो आणि पुन्हा फिरकत नाही. म्हणून माझं ऐका, नावं बघूच नका, वार धरा. आपल्याकडे कोणी गुरुवार धरतं, कोणी सोमवार, तसा. डॉकचं कॅलेंडर वारांवरच लावलेलं असतं, साधारण एका वाराला एक सिरीज, म्हणजे एका वाराला एकच दिग्दर्शक, दुसऱ्या वाराला एखादा देश किंवा एखादा विषय. इथे सेमिस्टर नाही क्वार्टर असतात, दहा एक आठवड्यांचे, म्हणजे एक वार धरला की क्वार्टर संपेपर्यंत एकाच माणसाचे नाहीतर एकाच मुलखाचे आठ दहा सिनेमे होतात. टाइमटेबल बघून जो वार मोकळा असेल तो धरा, विषय कुठलाही असो. पूर्ण क्वार्टरचा पास मिळतो तो पहिल्याच दिवशी काढा, कारण पैसे भरलेले असले की बाहेर बर्फ पडत असला तरी पाय निघतो.

हे मी का सांगतेय ते माझ्यावरून सांगते. एका क्वार्टरला मी मंगळवार धरला होता, यासुजिरो ओझू ह्या जपानी दिग्दर्शकाची सिरीज. पहिला पिक्चर बघून काहीच वाटलं नाही, माणसं बसतात, चहा घेतात, मुलीच्या लग्नाचं बोलतात, संपला. दुसऱ्या मंगळवारी परत तेच. तिसऱ्या मंगळवारी मात्र माझ्या लक्षात आलं की ह्याचा कॅमेरा खूप खाली आहे, जमिनीवर चटई टाकून बसलेल्या माणसाच्या उंचीवर, आणि मला एकदम आमच्या सांगलीच्या घरातलं माजघर आठवलं, आजी खाली बसून गहू निवडायची आणि तिला घर तसंच दिसत असणार, ह्या उंचीवरून. आणि मग पाचव्या की सहाव्या आठवड्यात १९४९ चा 'लेट स्प्रिंग' लागला, त्यात मुलीचं लग्न लावून बाप घरी येतो आणि एकटा बसून सफरचंद सोलतो, बस एवढंच, आणि मी इतकी रडले की शेजारच्या मुलीने टिश्यू दिला. तोच पिक्चर मी पहिल्या आठवड्यात बघितला असता ना तर मला ते सफरचंदच दिसलं असतं. आधीच्या चार पाच मंगळवारांनी मला बघायला शिकवलं होतं. एक सिनेमा बघून दिग्दर्शक कळत नाही हो, कीर्तन एक ऐकून बुवा कळतो का?

कॅलेंडर वाचायचं कसं ते बघू. प्रत्येक पिक्चरच्या नावाखाली दिग्दर्शक, साल, देश, किती मिनिटं, आणि शेवटी ३५एमएम, १६एमएम किंवा डीसीपी असं काहीतरी लिहिलेलं असतं. नवीन लोक शेवटचा शब्द वाचतच नाहीत आणि मी पहिला तोच वाचते. डीसीपी म्हणजे डिजिटल फाइल, हार्ड डिस्कवर येते, आपल्या मल्टिप्लेक्समध्ये पण तीच चालते. ३५एमएम म्हणजे खरी फिल्म, रिळं. दोन तासांच्या पिक्चरची पाच सहा रिळं होतात, एक रीळ साधारण वीस मिनिटांचं, आणि केबिनमध्ये दोन मशीन असतात, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका क्षणभर चमकून जातो तो प्रोजेक्शनिस्टसाठी असतो, पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र बदल. नीट केलं तर बघणाऱ्याला कळतही नाही. एकदा तो ठिपका दिसायला लागला की दर वीस मिनिटांनी आपली नजर आपोआप तिकडे जाते, त्याला इलाज नाही. तर कॅलेंडरवर ३५एमएम दिसलं आणि तुमची दुसऱ्या दिवशी परीक्षा नसेल तर जाच, कारण कित्येक सिनेमांच्या चांगल्या प्रिंट जगात मोजक्याच उरल्यात आणि त्या फिल्म जपून ठेवणाऱ्या कुठल्यातरी अर्काइव्हमधून एका रात्रीसाठी आलेल्या असतात. ओरखडे दिसतील, आवाजात थोडी खरखर असेल, ते त्या प्रिंटचं वय आहे.

आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर बाहेर जाऊन तक्रार करू नका. साधारण १९५३ च्या आधीचे पिक्चर जवळपास चौरसच असायचे, तसेच दाखवले तर ते बरोबर.

आता जायच्या दिवसाचं. वेळेवर जा म्हणजे दहा मिनिटं आधी, कारण इथे वीस मिनिटं जाहिराती नसतात, सातचा शो सातला सुरू. कोणीतरी विद्यार्थी पुढे येऊन दोन मिनिटं बोलतो, ते ऐका, त्यात बरंच मिळतं. इंटरव्हल नाही! हे आपल्या लोकांना जड जातं, तर आधी काहीतरी खाऊन जा आणि बाथरूमला जाऊन या. कुरकुर वाजणारी पिशवी आत काढायची नाही, मूकपट असेल तर अजिबातच नाही. जॅकेट काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवा, हॉल मोठा आहे, आठवड्यातल्या दिवशी जागा असते. बसायचं कुठे, तर सबटायटल्स पडद्याच्या तळाशी असतात आणि पुढे कोणी उंच माणूस आला की अर्धं वाक्य त्याच्या डोक्यामागे जातं, म्हणून मी पॅसेजच्या कडेची खुर्ची घेते, पुढून तिसरा हिस्सा सोडून. अगदी पुढे बसलात तर वाचायला आणि बघायला मान वर खाली करावी लागते.

सबटायटल्सची भीती बऱ्याच जणांना असते की वाचता वाचता चित्र निसटेल. पहिली दहा मिनिटं निसटतंच. मग सवय होते. एक युक्ती सांगते, अक्षर न् अक्षर वाचू नका, ओळीवरून एकदा नजर फिरवून लगेच माणसाच्या चेहऱ्यावर या, आणि आवाजाकडे कान ठेवा. आपण तर लहानपणापासून तीन तीन भाषांत टीव्ही बघत मोठे झालोय, आपल्याला हे अमेरिकन मुलांपेक्षा लवकर जमतं असा माझा अनुभव आहे.

कळलं नाही तर? अर्ध्यातून उठू नका एवढंच म्हणेन, पहिल्या तीन आठवड्यांत तरी. जायच्या आधी ट्रेलर आणि रिव्ह्यू वाचू नका, फक्त साल आणि देश बघा आणि त्या साली त्या देशात काय चाललं होतं ते पाच मिनिटं वाचा. १९६८ चा चेक सिनेमा बघायला जाताना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते एवढं माहीत असलं तरी खूप फरक पडतो. परत आल्यावर वहीत तीन ओळी लिहा, चांगला वाईट नको, काय दिसलं ते लिहा. एक हात, एक दार, एक आवाज. माझ्या वहीत अजून आहेत ते सगळे मंगळवार.

एकटं जायचं तर बिनधास्त जा, निम्मे लोक एकटेच येतात. रात्री परतताना मात्र ६ नंबरची बस किंवा मेट्रा म्हणजे इथल्या लोकल ट्रेनचं ५९व्या रस्त्याचं स्टेशन, जे काही असेल त्याची शेवटची वेळ आधी बघून ठेवा, कारण दोन तास चाळीस मिनिटांचा पिक्चर असला की गणित चुकतं आणि जानेवारीत मिशिगन लेकवरून येणाऱ्या वाऱ्यात स्टॉपवर उभं राहणं गंमत नाही.

कॅम्पसवर अजून एक जागा आहे, कॉब हॉलमधलं फिल्म स्टडीज सेंटर, तिथे बऱ्याचदा दिग्दर्शक स्वतः येतात. आणि डाउनटाउनला स्टेट स्ट्रीटवर जीन सिस्केल फिल्म सेंटर, ते पण एका कॉलेजचंच म्हणा, स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट हे वेगळं आर्ट कॉलेज चालवतं, १९७२ पासून. नवीन परदेशी सिनेमे तिथे लवकर येतात. पण आधी एक वार पक्का करा मग बाकीचं.

एक क्वार्टर झाला की व्हॉलंटियर व्हा. हे कोणालाही जमतं, सुरुवातीला तिकीट काउंटर नाहीतर पोस्टर लावणं, आणि मग शिकायची इच्छा असेल तर प्रोजेक्शन शिकवतात. हाताने फिल्म मशीनमध्ये ओवायची, लूप म्हणजे फिल्मचा सैल वळसा किती मोठा ठेवायचा, डीसीपी आलं तर बऱ्याचदा त्याची डिजिटल किल्ली वेगळी येते आणि ती त्याच सर्व्हरवर, ठरलेल्या तारखांनाच चालते, मग ती आदल्या दिवशी तपासायची, हे सगळं. आपल्या इंजिनियरिंगच्या मुलांना तर ही केबिन फार आवडते.

आणि व्हॉलंटियर झालात की मीटिंगमध्ये तुम्ही सिरीज सुचवू शकता. इथे मला तुमच्याकडून काहीतरी हवंय. २०२५ च्या सनडान्स ह्या अमेरिकेतल्या फिल्म फेस्टिव्हलला रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं' ह्या मराठी सिनेमाला वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं, म्हणजे आता मराठी सिनेमा कुठे आहे हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. पण एक पिक्चर सुचवू नका, आठ सुचवा, एक अख्खा वार मराठीचा. प्रत्येकाचं साल, दिग्दर्शक, मिनिटं, इंग्लिश सबटायटल्स असलेली कॉपी कोणाकडे आहे, हक्क कोणाकडे आहेत आणि दाखवायची फी किती, हे आधी शोधा, कारण नेटफ्लिक्स लावून हॉलमध्ये दाखवता येत नाही, परवानगी वेगळी घ्यावी लागते. जुन्यांसाठी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला लिहा. खर्चाला हातभार म्हणून साउथ एशियाच्या डिपार्टमेंटला विचारा. हे आठ पिक्चर एकमेकांशेजारी का, ते एका पॅराग्राफमध्ये लिहा, उगाच आपली संस्कृती वगैरे नको, पडद्यावर काय आहे ते लिहा. कॅलेंडर एक क्वार्टर आधी ठरतं, तर स्प्रिंग क्वार्टरसाठी सुचवायचं असेल तर जानेवारीतच मीटिंगला जायला लागा, आणि ते कॅलेंडर छापून आलं की त्याचा फोटो मला पाठवा.