‘केवळ लिनक्ससाठी’ असलेला प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर बांधताना

गिरगावातील एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे काम मी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या, ४ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर करतो आणि त्यावर फ्रीबीएसडी ही लिनक्सपेक्षा वेगळी कार्यप्रणाली चालते. सूचीतील दुबार नोंदी शोधणारा सी भाषेतील एक छोटा मुक्तस्रोत प्रोग्रॅम मला हवा होता, पण त्याच्या रीडमी फाइलमध्ये ‘केवळ लिनक्ससाठी’ एवढेच लिहिलेले होते. अशा वाक्यामागे बहुतेकदा एवढेच असते की, लेखकाने दुसऱ्या प्रणालीवर तो चालवून पाहिलेला नाही. त्यामुळे सोर्स कोड उतरवून घेऊन स्वतः बांधून, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून, पाहण्यास हरकत नसते.

त्याआधी हे काम दुसऱ्या कोणी करून ठेवले आहे का, हे पाहावे. फ्रीबीएसडीसाठी जुळवून घेतलेल्या प्रोग्रॅमांच्या पोर्ट्स संग्रहात ३०,००० हून अधिक प्रोग्रॅम आहेत आणि प्रत्येक पोर्टच्या फोल्डरात, मूळ कोडमध्ये बदल करावे लागले असतील तर, त्यांचे पॅच, म्हणजे त्या बदलांच्या फाइली, ठेवलेले असतात. नेटबीएसडी या तिच्या भावंड प्रणालीचा पीकेजीसोर्स हा संग्रहही चाळावा. आपल्याला हवा तो प्रोग्रॅम तेथे नसला तरी त्याच लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) उभा असलेला दुसरा एखादा सापडतो आणि त्याचे पॅच वाचून पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येतो.

सोर्स कोड आपल्या होम फोल्डरात ठेवावा, काम साध्या वापरकर्त्याच्या खात्यातूनच करावे आणि पहिल्या बदलापूर्वी सगळे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदवून ठेवावे. त्यानंतर साधनांकडे वळावे. फ्रीबीएसडीचे मेक आणि लिनक्सवर वापरले जाणारे जीएनयू मेक ही मेकफाइलमधील सूचनांनुसार प्रोग्रॅम बांधणारी दोन वेगळी साधने आहेत. मेकफाइलमधील ओळींविषयी अनाकलनीय तक्रारी येऊ लागल्या, तर जीएनयू मेकचे जीमेक हे पॅकेज बसवून तीच आज्ञा त्याच्यामार्फत द्यावी. स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालवणाऱ्या बॅशची गोष्ट अधिक फसवी आहे. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असते आणि टर्मिनल मात्र ‘अशी फाइल नाही’ असे सांगते, कारण न सापडलेली फाइल स्क्रिप्टची नसून तिच्या पहिल्या ओळीत नाव दिलेल्या बॅशची असते. फ्रीबीएसडीत बॅश मूळ प्रणालीबरोबर येत नाही आणि पॅकेजमधून घेतले तर यूएसआर-लोकल या फोल्डराखाली जाऊन बसते. स्क्रिप्ट त्याला जेथे शोधते त्या बिन फोल्डरात त्याची सिमलिंक (तिकडे नेणारा दुवा) करण्याचा मोह टाळावा आणि पहिल्या ओळीत एन्व्ह या आज्ञेमार्फत बॅश शोधायला सांगावे. सिमलिंकमुळे आपले काम भागते, पण दोष कोडमध्येच राहतो आणि पुढचा माणूस त्याच जागी अडतो.

लायब्रऱ्यांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. पॅकेजमधून आलेल्या हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे हे सांगणाऱ्या) यूएसआर-लोकलखाली असतात आणि कोडपासून प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर आपणहून तेथे पाहत नाही. म्हणून सीपीपीफ्लॅग्ज या चलामध्ये हेडरांचा आणि एलडीफ्लॅग्जमध्ये लायब्रऱ्यांचा मार्ग देऊन मगच प्रणालीत काय आहे हे तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवावी. तरीही बसवलेली लायब्ररी ‘नाही’ म्हणून सांगितली गेली, तर कॉन्फिग-लॉग ही फाइल उघडून त्या लायब्ररीचे नाव शोधावे. कॉन्फिगरने चाचणीसाठी लिहिलेला चिमुकला प्रोग्रॅम आणि तो का बांधता आला नाही याचे खरे कारण तेथे शब्दशः मिळते.

यानंतर मुख्य काम सुरू होते आणि त्याचा नियम एकच आहे, तो म्हणजे सर्वांत वरची चूक आधी वाचावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात पडदाभर चुका आल्या, पण त्यांतील बहुतेक पहिल्या चुकीच्या पोटात जन्मलेल्या होत्या. ती पहिली चूक मॅलॉक-डॉट-एच या हेडरची होती आणि कंपायलरने उपायही सांगितला होता, की या हेडरची जागा आता एसटीडीलिब-डॉट-एचने घेतली आहे. सी भाषेच्या प्रमाणकानुसार मॅलॉक (मेमरी मागून घेणारे फंक्शन) तेथेच असते आणि लिनक्सवरही ते तेथे मिळते, त्यामुळे प्रणाली तपासणारी कोणतीही अट न घालता एक ओळ बदलून काम झाले. ईपोलचे मात्र तसे नव्हते. अनेक फाइल किंवा जोडण्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची ही लिनक्सची सोय आहे. फ्रीबीएसडीत त्यासाठी केक्यू आहे. ईपोल-शिम नावाची लायब्ररी ईपोलच्या आज्ञा केक्यूवर उतरवते आणि मोठ्या प्रोग्रॅमसाठी तीच घ्यावी. माझ्या प्रोग्रॅममध्ये ईपोलचा वापर एकाच फाइलमध्ये आणि जेमतेम दोन जोडण्यांसाठी होता, म्हणून मी तेथे दोन्हीकडे चालणारे साधे पोल वापरले.

बांधणीदरम्यान सेड ही मजकूर बदलणारी आज्ञा अडली, तर फाइल जागीच बदलणाऱ्या तिच्या ‘उणे आय’ या पर्यायाकडे पाहावे. फ्रीबीएसडीच्या सेडला त्यापुढे जुन्या प्रतीसाठी नावाची पुस्ती द्यावी लागते. ती न दिल्यास ते बदलाची सूचनाच पुस्ती समजते आणि फाइलचे नाव आज्ञा म्हणून वाचू लागते.

बांधणी बिनचूक झाली म्हणजे प्रोग्रॅम चालेलच असे नाही. माझा प्रोग्रॅम सुरू होताच ‘शब्दयादी सापडत नाही’ असे म्हणून बंद पडला. तो स्वतःचे ठिकाण प्रोक या, चालू प्रोग्रॅमांची माहिती देणाऱ्या फोल्डरातून विचारत होता आणि फ्रीबीएसडीत प्रोक मुळात जोडलेले नसते. तेच ठिकाण तेथे सिसकंट्रोल या प्रणालीची माहिती देणाऱ्या सोयीमार्फत विचारावे लागते. त्यानंतर चाचण्या चालवाव्यात आणि देवनागरी मजकुराशी काम असेल, तर स्वतःचा नमुनाही घालून पाहावा, कारण अक्षरांचा क्रम प्रणालीच्या लोकेलनुसार (भाषाविषयक नियमांनुसार) ठरतो आणि तो दोन प्रणालींवर सारखाच असेल असे नाही. मी ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ यांनी सुरू होणारी शीर्षके दोन्हीकडे लावून ताडून पाहिली.

बांधणी एका वेळी किती कामांत वाटायची, हे मेमरी पाहून ठरवावे. ४ जीबीवर सी++ची मोठी फाइल असेल, तर दोनच कामे पुरेत. मे महिन्यात दुपारी पंख्याखालीही लॅपटॉप तापून मंदावतो, म्हणून मोठी बांधणी मी रात्री लावतो.

शेवटी एका कारणासाठी एक असे पॅच वेगळे करून मूळ लेखकाकडे पाठवावेत. त्यांत ‘फ्रीबीएसडी असेल तर’ अशी अट घालण्यापेक्षा ‘हे हेडर असेल तर’ अशी घालावी, म्हणजे ओपनबीएसडीवाल्यालाही तीच उपयोगी पडते. उत्तर येईपर्यंत पॅच जवळ ठेवावेत. नवी आवृत्ती निघाली की ते पुन्हा लावून पाहावेत आणि जो लागत नाही, त्याच जागेपासून वाचायला सुरुवात करावी.