खासगी महाविद्यालयांचा राज्यातील वाटा कसा मोजावा

महाराष्ट्रातील खासगी महाविद्यालयांचा हिशेब मांडणाऱ्याने आधी ‘खासगी’ या शब्दाची फोड करावी. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची अनुदानित महाविद्यालये आणि १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर उभी राहिलेली अभियांत्रिकी महाविद्यालये, या दोहोंचे व्यवस्थापन खासगीच आहे. मात्र पहिल्या प्रकारात मान्य पदांवरील प्राध्यापकांचे वेतन सरकारी तिजोरीतून होते, तर दुसऱ्याची मदार मुख्यतः शुल्कावर असते. दोहोंची बेरीज एकाच रकान्यात केली, की पुढचे सगळे आकडे फसवे ठरतात.

शैक्षणिक वाटा पाहताना महाविद्यालयांची संख्या मोजू नये, विद्यार्थी मोजावेत. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात शासकीय, खासगी अनुदानित आणि खासगी विनाअनुदानित अशी विभागणी मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मंजूर प्रवेशक्षमतेऐवजी प्रत्यक्ष भरलेल्या जागा धराव्यात, कारण रिकाम्या बाकांनी कोणी पदवीधर होत नाही.

आर्थिक बाजू अधिक निसरडी आहे. शुल्काची रक्कम आणि त्याच शुल्कातून दिलेले वेतन यांची बेरीज करणे ही नेहमीची चूक. तो एकच पैसा दोनदा मोजला जातो. राज्यातल्याच पालकाने भरलेले शुल्क ही राज्याच्या दृष्टीने नवी आवक नव्हे, कारण ते पैसे एरवीही बहुधा इथेच खर्च झाले असते. परराज्यांतील विद्यार्थ्यांचे शुल्क, त्यांचे घरभाडे आणि खानावळीचा खर्च मात्र आवक म्हणून धरता येतो. स्थानिक महाविद्यालय नसते तर बाहेर शिकायला गेला असता, अशा विद्यार्थ्याचा खर्च निराळ्या रकान्यात, अंदाज म्हणूनच लिहावा.

सरकारने भरलेले शुल्कही वेगळे काढावे लागते. उदाहरणार्थ, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील पात्र मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्णतः देते. त्यामुळे विनाअनुदानित महाविद्यालयाच्या उत्पन्नातही सार्वजनिक पैसा असतो. शुल्काच्या दरासाठी २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरणाचे आदेश वाचावेत. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नये; ती विद्यार्थी मिळवण्यासाठी छापलेली असते.