धान्यपेढीची जागा मांडताना

आमची धान्यपेढी, म्हणजे दान आलेलं धान्य गरजू घरांना द्यायची जागा, सोलापूरच्या पूर्व भागात, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. माग विकले गेले आणि मालकानं शेड आमच्या बचत गटाला वापरायला दिली. तुमच्याकडं समाजमंदिर असेल, नाहीतर कुणाच्या घराचा पुढचा सोपा. जागा लहान चालते, पण दारं दोन बघा. एकातून पोती येतील, दुसऱ्यातून माणसं. दार एकच असेल तर पोती उतरवायची वेळ वेगळी ठेवा. आणि जोतं एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब करा. त्याहून कमी केला तर चाकाची खुर्ची स्वतः ढकलत वर येता येत नाही.

खिडकीतून धान्य द्यायचं नाही, हे सगळ्यात आधी ठरवा. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच बायका विडी कामगार, मीही त्यातलीच. वळलेल्या विड्या घेऊन चेकरपुढं ओळीत थांबायचं आणि तो किती छाट, म्हणजे नापास विड्या, काढतो ते मुकाट बघायचं, यात आमचा जन्म गेलाय. धान्य घ्यायलाही तसंच उभं राहायचं का? म्हणून टेबल भिंतीला लावलंय आणि वजनकाटा शेडच्या मध्यभागी, आकडा दोघींना दिसेल असा. घ्यायला आलेली अक्का आत येते, फळीवरचं हवं ते स्वतः उचलते. तेलुगू घरात भात जास्त लागतो, शेजारच्या मराठी-कन्नड घरात ज्वारी. सगळ्यांना सारखी पिशवी भरून दिली की एकीकडं तांदूळ पडून राहतो, दुसरीकडं ज्वारीला सोंडे लागतात. फळ्या कमरेपासून छातीपर्यंतच ठेवा आणि प्रत्येक मालापुढं काचेच्या बरणीत मूठभर नमुना मांडा. पाटी कुठल्या भाषेत लिहायची हा वादच मिटतो.

दाराशी विडीवालीच्या तंबाखूच्या पिशवीसाठी कट्टा हवा. पीठ आणि धान्य वास धरतात, त्यामुळं तंबाखू आत नको. पण कट्टा आतून दिसला पाहिजे. त्या पिशवीत तिची मजुरी असते, नजरेआड ठेवून ती निवांत बसणार नाही.

गोदामाचे नियम थोडेच आहेत. पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून चार-सहा इंच वर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब ठेवा, म्हणजे मागून झाडू फिरतो. आलेलं नवं पोतं मागं ठेवा, जुनं पुढं ओढा. उन्हाळ्यात इथं पारा चाळिशीपार जातो, म्हणून पत्र्याला वरून चुना मारा आणि तेल, शेंगदाणे पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा, नाहीतर खवट होतात. कीड मारायला पोत्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाका असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो आणि इथं पोरंबाळं वावरतात. लग्नातलं उरलेलं जेवण आम्ही घेत नाही. घ्यायचंच असेल तर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, उरलेल्या अन्नाबद्दलचे २०१९ चे नियम वाचा, नोंदणी करा आणि अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवायची सोय असेल तरच हात घाला.

आता बसायच्या जागेचं. इथं मात्र कंजूषी करू नका. आम्ही शेडचा जवळजवळ तिसरा हिस्सा निवडण-टिपणाला दिलाय. चटया, सुपं, पाण्याचा माठ, आणि गुडघे धरलेल्यांसाठी भिंतीला लागून बाकडी. दान म्हणून आलेल्या ज्वारीत खडे, काडीकचरा असतोच. तो निवडायला धान्य घेणाऱ्याही बसतात आणि देणाऱ्याही. बाहेरून बघणाऱ्याला कोण घ्यायला आलंय हे कळतच नाही. माझ्या मते पेढीतलं सगळ्यात मोठं काम ते हेच. पंखा मात्र असा लावा, की पाखडलेला कोंडा दाराकडं जाईल, माठाकडं नाही. पोरांना चटईच्या कडेला, आयांच्या नजरेसमोर जागा द्या. वेगळी खोली दिली तर आया दहा वेळा उठतात.

नाव लिहून घ्यायची जागा या गप्पांपासून लांबच्या कोपऱ्यात हवी. लिहिणारीची पाठ भिंतीला आणि सांगणारीची पाठ शेडकडं. घरात कोण आजारी, कुणाचं काम सुटलं, हे चारचौघींत सांगायला लावू नये.

वेळ ठरवताना पाण्याची पाळी बघा. नळाला पाणी येतं त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणीही घर सोडत नाही. त्यामुळं आमच्या फळ्यावर वार नसतो. तिथं लिहिलेलं असतं: पाणी आलं की दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच ते सात.